सहा फुटी फिश टँक: भिंती उघड्या आहेत तोवर प्लंबिंग आणि वायरिंगचं काय काय करून घ्यावं?

कोथरूडचा_शेजार

नमस्कार मंडळी. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं काम काढलंय. इमारत नव्वदच्या दशकातली, लोड बेअरिंग नाही, आरसीसी आहे. हॉल आणि जेवणघर यांच्यामधल्या भिंतीला लागून ६ फूट × २ फूट × २ फूट काचेचा टँक ठेवायचं ठरलंय, खाली कपाटात संप, म्हणजे फिल्टर आणि पंपाची टाकी. मासे डिस्कस. भिंतीपलीकडे ड्राय बाल्कनी आहे आणि तिथे नहाणी ट्रॅप आहे.

सध्या प्लॅस्टर निघालेलं आहे, फरशी उखडलेली आहे. सोमवारी प्लंबर आणि वायरमन दोघंही येणार आहेत आणि "कुठे काय पाहिजे ते आत्ताच सांगा" म्हणताहेत. एकदा टाइल्स बसल्या की पुन्हा भिंत फोडणं घरात कोणालाच चालणार नाही. इंटिरियरवाल्यांचं म्हणणं, सगळे पाइप भिंतीत गाडून टाकू, एकही दिसणार नाही. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही.

पॉइंट किती, कुठे, ड्रेन कशी, पाणी कुठून आणायचं, जे जे सुचेल ते लिहा.

बीमकॉलम

प्लंबिंगच्या आधी वजनाचं बोलू. १८० × ६० × ६० सेंमी म्हणजे काठोकाठ ६४८ लिटर. १२ मिमी काच धरली तर नुसत्या काचेचे १२० किलोच्या आसपास. वाळू, दगड, लोखंडी स्टँड, संपमधलं पाणी धरून एकूण एक टनाच्या घरात जाल. हे सगळं जेमतेम साडेअकरा चौरस फुटांवर.

आयएस ८७५ (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे २०० किलो धरतात. तुमचा टँक त्याच्या चौपटीहून जास्त भार एका जागी टाकतोय. याचा अर्थ स्लॅब खाली येईल असा नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण वर्षानुवर्षं तिथेच उभं राहणारं वजन आहे, माणसांसारखं येऊन जाणारं नाही. जागा बीमच्या अगदी वर, कॉलमच्या जवळ असेल तर उत्तम. दोन बीमच्या मध्ये स्लॅबच्या पोटावर असेल तर नको. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ड्रॉइंग असतं ते मागा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष जागा दाखवून लेखी घ्या. फोनवर "होऊन जाईल" म्हणणाऱ्यावर जाऊ नका.

आणि कळकळीची विनंती, पाइपसाठी बीमला कोअर मारू देऊ नका. "दोन इंचाचंच तर भोक आहे" म्हणतील आणि कटरसमोर सळई आली की तीही कापून मोकळे होतील. पाइप विटांच्या भिंतीतूनच न्यायचा.

निवळशंख

डिस्कस आणि सहा फुटी, छान वाटलं वाचून. आमच्याकडे याच मापाचा टँक बरीच वर्षं चालू आहे.

इंटिरियरवाल्यांचं ऐकू नका. टँकचं प्लंबिंग घरातल्या नळासारखं एकदा केलं आणि विसरलं असं नसतं. आतून शेवाळ धरतं, गोगलगायी अडकतात, दर काही महिन्यांनी पाइप सोडवून ब्रश मारावा लागतो. जो सांधा हाताला लागत नाही तो कधी साफ होत नाही.

पूर्ण नियोजन एकाच प्रश्नाभोवती करा: लाइट गेली की कुठलं पाणी कुठे जाऊन थांबणार? बाकी सगळं त्यातून आपोआप ठरतं.

आता हिशेब. तुमच्या टँकमधलं १ सेंमी पाणी म्हणजे १०.८ लिटर. पंप बंद पडला की ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं पाणी खाली संपमध्ये सोडणाऱ्या बॉक्सच्या) दातांपर्यंतचं पाणी खाली येणारच, शिवाय रिटर्नच्या, म्हणजे संपमधून पाणी वर देणाऱ्या पाइपमधून उलटा सायफन लागतो आणि पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी येत राहतं. हे तोंड एक फूट खोल बुडवून ठेवलं असेल तर तीनशे लिटर खाली उतरतील. म्हणून रिटर्नचं तोंड पृष्ठभागापासून दोन-तीन सेंमीच खाली ठेवायचं आणि पाण्याच्या रेषेच्या किंचित खाली पाइपला ४-५ मिमीचं छिद्र पाडायचं, म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो. पण नुसत्या छिद्रावर विसंबू नका, ते शेवाळानं बुजतं.

समजा एकूण ४ सेंमी उतरलं. ते झाले ४३ लिटर, अधिक पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं. संप १२० × ४५ × ४५ सेंमीचा घेतलात तर चालू असताना पाणी २५ सेंमीच ठेवा. वर २० सेंमी मोकळी राहते, म्हणजे १०८ लिटरची जागा. निवांत मावतं.

उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. टँकमधून संपमध्ये येणारा ड्रेनचा पाइप तुंबला आणि पंप चालूच राहिला तर? रिटर्नच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाणार. तो कप्पा ३० × ४५ सेंमी असेल आणि त्यात २५ सेंमी पाणी असेल तर साधारण ३४ लिटर, म्हणजे वर ३ सेंमी वाढ. काठ पाण्याच्या वर किमान ४-५ सेंमी मोकळा हवा. संपचा हा कप्पा मुद्दाम छोटा ठेवतात तो याचसाठी.

पाणीपट्टी

वीस वर्षं प्लंबिंगची कामं घेतोय, दोन-चार मोठ्या टँकचीही केली आहेत. वरच्या ताईंशी पूर्ण सहमत.

भिंतीतून जायचंच असेल तर पाइप गाडू नका, बाही टाका. म्हणजे भिंतीत ११० मिमी पीव्हीसीचा तुकडा आरपार बसवून घ्या, बाल्कनीच्या बाजूला किंचित उतार देऊन. टँकचे पाइप त्या बाहीतून सैल जाऊ देत. दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे हातानं सोडवता येणारा सांधा. उद्या पाइप बदलायचा झाला तर भिंतीला हात लावायला नको. बाहीच्या तोंडाला जाळी किंवा झाकण मात्र लावा, नाहीतर झुरळं आणि पाली हॉलमध्ये.

घाण पाणी बाहेर काढायच्या ड्रेनसाठी संपच्या मागे भिंतीत ५० मिमीचं तोंड काढून नहाणी ट्रॅपपर्यंत न्या. दर मीटरला दोन ते अडीच सेंमी उतार ठेवा. पाणी बदलताना नळी त्यात खोचली की झालं, बादल्या वाहणं संपलं. डिस्कसचं पाणी वारंवार बदलावं लागतं हे मला गिऱ्हाइकांनीच शिकवलंय, त्यामुळे ही सोय सगळ्यात जास्त वापरली जाईल.

अजून एक, पाइपच्या मापांचा घोळ. दुकानात "एक इंची द्या" म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी मिळू शकतात. एक इंची यूपीव्हीसीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी, शेतीच्या लाइनचा पाइप ३२ मिमी आणि एक इंची सीपीव्हीसी २८.६ मिमी. ३२ चा पाइप इंची एल्बोमध्ये सैल जातो, पोरं भरपूर सॉल्व्हंट लावून बसवतात, त्या वेळी टिकल्यासारखा वाटतो आणि काही महिन्यांनी झिरपायला लागतो. संपूर्ण टँकला एकाच प्रकारचा पाइप, एकाच कंपनीची फिटिंग. टँक निपलसकट सगळं घेऊन एकदा कोरडं जुळवून बघा, मगच सॉल्व्हंटचा डबा उघडा.

कोथरूडचा_शेजार

बाहीची कल्पना फारच आवडली. बीमकॉलम, जागा बीमवरच आहे असं दिसतंय, पण इंजिनिअरना शनिवारी बोलावलंय.

निवळशंख ताई, ओव्हरफ्लोला किती भोकं आणि कुठल्या मापाची? काचवाला म्हणतोय एकच, दीड इंची भोक पुरे. आणि बेडरूम लागूनच आहे, आवाजाची काळजी वाटते.

निवळशंख

एक भोक अजिबात नको. तीन घ्या: ड्रेनची दोन, रिटर्नचं एक.

ड्रेनचा एक इंची पाइप पूर्ण सायफनवर, म्हणजे हवा न शिरता पूर्ण भरून चालवायचा. त्याच्यावर खाली गेट व्हॉल्व्ह. दुसरा दीड इंची पाइप पूर्ण उघडा, त्यावर कुठलाही व्हॉल्व्ह नाही, तोंड पहिल्यापेक्षा वर. तो एरवी जवळजवळ कोरडाच राहतो आणि पहिला तुंबला तर सगळं पाणी एकट्यानं नेतो. परदेशी मंचांवर याला हर्बी पद्धत म्हणतात.

आवाजाचं उत्तर यातच आहे. गुळगुळ आवाज पाण्यात हवा ओढली गेल्यानं होतो. पंप चालू करून गेट व्हॉल्व्ह हळूहळू आवळत जायचा, ओव्हरफ्लो बॉक्समधली पातळी चढायला लागते. अगदी पाव फेरा फिरवून थांबायचं, पातळी कुठे स्थिरावते ते बघायचं, पुन्हा पाव फेरा. एका जागी आवाज एकदम थांबतो आणि दुसऱ्या पाइपच्या तोंडावरून जेमतेम पाण्याची पातळ चादर गेली तरी चालते. आमच्याकडे रात्री संपच्या दाराला कान लावला तर पंपाची बारीक घरघर ऐकू येते, पाण्याची नाही.

बॉल व्हॉल्व्हनं हे जमत नाही, केसभर फिरवला तरी फरक मोठा पडतो. गेट व्हॉल्व्हच हवा आणि तोही प्लॅस्टिकचा. पितळी नको, पितळेत तांबं असतं, आणि डिस्कससाठी ठेवतो तसल्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यात ते जास्त उतरतं. गोगलगायी आणि झिंगे तर तांब्यानं मरतातच. यूपीव्हीसी गेट व्हॉल्व्ह कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळेलच असं नाही, आत्ताच मागवून ठेवा.

काचवाल्याला हेही विचारा की भोकं पडणारी काच टफन्ड तर नाही ना. टफन्ड काचेला नंतर ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो. साध्या काचेला डायमंड कोअर बिटनं, पाणी सोडत, जोडणीच्या आधी भोकं पाडून घ्यायची.

तारजोड

विजेचं मी लिहितो, परवानाधारक वायरमन आहे.

भार तसा किरकोळ आहे. ३०० वॅटचे दोन हीटर, पंप ६०, लाइट १२०-१५०, यूव्ही वगैरे धरून ९०० वॅटच्या आत, म्हणजे ४ अँपिअर. त्यामुळे वायर तापण्याची भीती नाही. भीती आहे ती पाण्याची आणि सगळं एकदम बंद पडण्याची.

डीबी म्हणजे घरातल्या मुख्य वितरण बोर्डापासून टँकसाठी दोन स्वतंत्र सर्किट ओढून घ्या, २.५ चौ. मिमी तांब्याची वायर, प्रत्येकावर ३० मिलिअँपिअरची आरसीबीओ (गळती किंवा जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच). एकावर रिटर्न पंप आणि एक हीटर, दुसऱ्यावर दुसरा हीटर, एअर पंप, लाइट. एखाद्या हीटरची काच तडकली की त्या सर्किटची आरसीबीओ पडणार, ते तिचं कामच आहे. पण त्याबरोबर सगळंच पडलं आणि तुम्ही गावाला असलात तर मासे गुदमरतील. दोन वाटा असल्या की एक तरी चालू राहते.

सॉकेट टँकच्या मागे किंवा संपच्या वर कधीही नकोत. बाजूला एक उभं अरुंद कपाट काढा, मधे बंद पार्टिशन, त्यात छातीच्या उंचीला बोर्ड. ६ अँपिअरचे आठ-दहा पॉइंट, प्रत्येकाला स्वतंत्र स्विच, दोन १६ अँपिअरचे. आज जास्त वाटतील, पण कमी पडले की एक्स्टेन्शन बोर्ड येतो आणि तो हमखास संपच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसतो. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळतो, सॉकेटमध्ये शिरत नाही.

इमारत जुनी आहे, तेव्हा अर्थिंग मोजून घ्या. पिनला हिरवी वायर जोडलेली दिसते म्हणजे अर्थ आहे असं नाही. अर्थ नसेल तरी आरसीबीओ काम करते, पण करंट जायला वाट माणसाच्या अंगातूनच मिळाली की मगच पडते. अर्थ चांगला असेल तर कोणी हात घालायच्या आधीच पडते. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

सूसरोडकर

पाण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. आमच्याकडे टँकर आणि बोअरचं मिश्रण येतं, कधी किती प्रमाण ते सोसायटीलाही माहीत नसतं. इथल्या बेसॉल्टमधलं बोअरचं पाणी चांगलंच जड. माझ्या मावसभावाला डिस्कससाठी आरओ लावावा लागला आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाणारं बघून जीव हळहळतो. तुमच्याकडे काय येतं?

कोथरूडचा_शेजार

महापालिकेचंच, खडकवासल्याचं. बोअर आहे पण ते फक्त फ्लशिंग आणि बागेला.

निवळशंख

मग नशीबवान आहात. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, आरओची गरज नाही. गच्चीवरून येणाऱ्या दोन लाइनमधली कुठली पिण्याची ते मात्र प्लंबरला डोळ्यांनी दाखवा. बोअरची लाइन जोडली गेली तर कळायला वेळ लागतो.

प्रश्न क्लोरीनचा आहे. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं तेव्हा नळाच्या पाण्याला वासही जास्त मारतो. म्हणून बाल्कनीत २०० लिटरचा फूड ग्रेड ड्रम ठेवा, त्यात पाणी एक दिवस आधी भरून हवेचा दगड सोडा, घाई असेल तर हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ड्रमला छोटा पंप, तोच भिंतीतल्या बाहीतून संपमध्ये पाणी देईल. थंडीत ड्रममध्येही हीटर लागेल, तेव्हा बाल्कनीत एक पॉइंट काढून ठेवा, पावसाचं पाणी लागणार नाही असा.

आणि गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की बहुतेक वेळा गुरुवारच असतो आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबानं येतं. पाणी बदलायचा वार सोमवार-मंगळवार ठेवा.

पाणीपट्टी

ड्रमच्या मुद्द्याला जोडून. बाष्पीभवनानं कमी झालेलं पाणी आपोआप भरायला काही जण थेट नळाची लाइन संपमध्ये आणून फ्लोट व्हॉल्व्ह लावतात. करू नका. फ्लोट अडकला की गच्चीवरची आख्खी टाकी तुमच्या हॉलमध्ये उतरेल आणि तिथून खालच्यांच्या छतात. फ्लोट लावायचाच तर ड्रमच्या मागे लावा. ड्रममध्ये असेल तेवढंच येईल, आणि तोही एका वेळी वीस-पंचवीस लिटरच भरून ठेवलात तर संपच सांभाळून घेईल.

नळाची अर्धा इंची लाइन बाल्कनीत ड्रमच्या वर काढा, अँगल कॉकसकट. हाताने चालू, हाताने बंद.

तारजोड

इन्व्हर्टरबद्दल राहिलं होतं. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्ट बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. निम्मेच धरा. इन्व्हर्टरमधली घट धरून ६० वॅटच्या पंपाला तेरा-चौदा तास मिळतात, पुरेसे आहेत. हीटर इन्व्हर्टरवर कधीच नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या, स्क्वेअर वेव्हवर पंप गुणगुणतो आणि तापतो.

वायरमन इथे एक गफलत करतात. जुन्या घरात मेन आणि इन्व्हर्टर यांचा न्यूट्रल एकत्र बांधलेला असतो. आरसीबीओ फक्त एवढंच बघते की फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का. फेज इन्व्हर्टरकडून आणि न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटमधून परत, असं झालं की ती सारखी पडते. मग कंटाळून कोणीतरी ती बायपास करतं, आणि टँकला कसलंच संरक्षण उरत नाही. पंपाच्या सर्किटला इन्व्हर्टरच्या आउटपुटपासून स्वतंत्र फेज आणि स्वतंत्र न्यूट्रल ओढा, त्यावर टू-पोल आरसीबीओ. मी आधी पंपाबरोबर एक हीटर सांगितला होता, पंप इन्व्हर्टरवर घेणार असाल तर त्या हीटरला मेनवर तिसरं सर्किट द्या. भिंत उघडी आहे, एक कंड्युट (वायरींची नळी) जास्त टाकायला काही लागत नाही.

बाणेरवाली

मध्येच एक सुचवते. एअर पंप संपच्या कपाटात खाली ठेवतात, लाइट गेली की हवेच्या नळीतूनच पाणी उलटं येतं आणि पंपातून बोर्डावर. आमच्या शेजारी असंच झालं. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, तारजोड म्हणतात त्या बाजूच्या कपाटात वरती जागा काढा.

वीजबिलाचा काही अंदाज?

तारजोड

पंप ६० वॅट चोवीस तास, महिन्याला ४३ युनिट. लाइट १२० वॅट आठ तास, २९ युनिट. हीटरचं ऋतूवर. ६५० लिटर पाणी एक अंश तापवायला पाऊण युनिट लागतं. डिस्कसला २८ ते ३० अंश हवेत, डिसेंबर-जानेवारीत घरातलं तापमान वीसच्या आसपास उतरलं की हीटर बराच वेळ चालू राहणार. टँकला झाकण आणि मागच्या काचेला थर्माकोल लावलात तर चांगला फरक पडतो. महावितरणचे स्लॅब १०० आणि ३०० युनिटला बदलतात, सध्या स्लॅबच्या काठावर असाल तर बिल अपेक्षेपेक्षा जास्त उडी मारेल.

निवळशंख

हीटर दोन घ्यायचं आणखी एक कारण. थर्मोस्टॅट चालू अवस्थेत चिकटला तर ६०० वॅटचा एकच हीटर मासे शिजवेल, ३०० चा तेवढं पाणी तापवायला कितीतरी जास्त वेळ घेतो, तोवर तुमच्या लक्षात येतं. दोन्ही संपच्या अशा कप्प्यात उभे करा जिथली पातळी पार्टिशनमुळे कायम राहते. रिटर्नच्या कप्प्यात नकोत, बाष्पीभवनानं तिथलंच पाणी कमी होतं, हीटर उघडा पडतो आणि तडकतो.

कोथरूडचा_शेजार

इंजिनिअर येऊन गेले. जागा बीमवरच आहे, पण त्यांनी टँक दीड फूट कॉलमकडे सरकवायला सांगितला आणि स्टँडखाली चार पायांऐवजी दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीचे चौकोनी पाइप घ्यायला सांगितले. सरकवल्यामुळे बाहीची जागाही बदलली, बरं झालं सोमवारच्या आधी कळलं.

तीन सर्किट, बाजूचं कपाट, ड्रम, ५० मिमीची ड्रेन, सगळं नक्की. प्लंबर रिटर्नला एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवू म्हणतोय, म्हणजे सायफनचा प्रश्नच मिटेल. बसवू का?

निवळशंख

बसवला तरी तो नाहीच असं समजून संपची जागा ठेवा. त्याच्या झडपेखाली एक शेवाळाचा धागा किंवा वाळूचा कण आला की तो पूर्ण मिटत नाही. शिवाय पंपाचा जोर थोडा खातो. मी लावलेला नाही.

मासे आणायच्या आधी नुसत्या पाण्यावर चाचणी करा. सगळं चालू असताना डीबीवरून मेन पाडा आणि संपमध्ये पाणी कुठे येऊन थांबतं तिथे मार्करने रेघ मारा. मग पुन्हा चालू करून सायफनच्या पाइपच्या तोंडावर तळहात ठेवा, दुसरा पाइप सगळं पाणी नेतो का बघा. मग दोन्ही झाकून बघा, टँक काठावरून सांडायच्या आत पंपाच्या कप्प्यातलं पाणी संपलं पाहिजे. तेव्हा पंप कोरडा चालेल, लगेच बंद करा. लाइट जाऊन परत आली की सायफन आपोआप सुरू होतो का, हेही चार-पाच वेळा बघा.

पाणीपट्टी

ही चाचणी झाल्यावरच प्लंबरचा शेवटचा हप्ता द्या, मी स्वतः प्लंबर असून सांगतो. प्रामाणिक माणूस नाही म्हणणार नाही.

आणि प्लॅस्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पाइप आणि कंड्युटशेजारी मोजपट्टी धरून. एक फोटो फरशीपासूनची उंची दाखवणारा, एक कोपऱ्यापासूनचं अंतर दाखवणारा. टँकच्या मागे नंतर कोणीतरी कपाट किंवा फ्रेमसाठी ड्रिल घेऊन येणारच आहे.

कोथरूडचा_शेजार

फोटोंचं उद्याच करतो, मोजपट्टी काढून ठेवली. गेट व्हॉल्व्ह मागवलाय, काचवाल्याला तीन भोकांचं माप लिहून पाठवलंय. तळाची काच साधीच आहे, टफन्ड नाही असं त्यानं कळवलं. सोमवारी बाही बसली की इथे फोटो टाकतो, उतार बरोबर आहे का तेवढं बघा.